रोजच्या कॅलरी कमीजास्त केल्याने अडकलेले वजन पुन्हा उतरू लागते का?

आपण लिहिले आहे की आपले वय ४२ वर्षे आणि उंची १६२ सेंटिमीटर आहे. रोज मोजून १४०० कॅलरींचा आहार घेऊन आपण पाच महिन्यांत ७९ किलोवरून ७० किलोपर्यंत आलात, आणि गेले पाच आठवडे मात्र वजन ६९.८ आणि ७०.६ यांच्या दरम्यान घुटमळत आहे. एक दिवस १२०० आणि दुसऱ्या दिवशी १८०० कॅलरी असा क्रम ठेवला तर शरीराला ठरावीक अन्नाची सवय लागणार नाही, चयापचय मंदावणार नाही आणि वजन पुन्हा उतरू लागेल, असे आपल्याला कोणीतरी सुचवले आहे. हे खरे आहे का, असा आपला प्रश्न आहे.

आहारतज्ज्ञ म्हणून गेल्या वीस वर्षांत हा प्रश्न मला अनेक रुग्णांनी विचारला आहे, आणि तो विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा अतिशय प्रामाणिकपणे मेहनत करून थकलेली असते, म्हणून त्याचे उत्तर एका वाक्यात देणे मला बरे वाटत नाही. तरीही गाभा आधीच सांगते. कॅलरींचा चढउतार केल्याने शरीर फसत नाही. किती चरबी उतरेल हे एका दिवसाच्या आकड्यावर नव्हे, तर आठवड्याच्या, किंबहुना महिन्याच्या एकूण हिशेबावर ठरते. असे असूनही हा चढउतार मी अनेकांना सुचवते, कारण कमी आहारावर दीर्घकाळ टिकून राहणे त्यामुळे काही जणांना सोपे जाते. चयापचय मंदावू नये यासाठी मात्र एकाआड एक दिवसाचा बदल उपयोगी पडल्याचे मला दिसलेले नाही. त्यासाठी काही उपयोग होत असेलच तर तो सलग एक-दोन आठवड्यांच्या विरामाचा होतो, आणि त्याविषयीचा पुरावाही संमिश्र आहे.

सर्वप्रथम आपल्याला सुचवलेल्या क्रमाचे गणित पाहू. एक दिवस १२०० आणि एक दिवस १८०० म्हणजे पंधरवड्याची सरासरी रोज १५०० कॅलरी. आपण सध्या १४०० घेता. म्हणजे ज्या उपायाने वजन उतरावे अशी अपेक्षा आहे, त्यात आपण आजच्यापेक्षा रोज १०० कॅलरी जास्त खाणार आहात. हा क्रम सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात काटा खाली गेला, तरी त्याचा अर्थ चरबी कमी झाली असा लावता येणार नाही. १२०० च्या दिवसानंतर शरीरातील पाणी आणि आतड्यातील अन्न दोन्ही थोडे कमी असतात आणि त्या सकाळचा आकडा मनाला सुखावतो, इतकेच. अशा आकड्यावर विश्वास ठेवून महिनाभर तोच क्रम चालवलेल्या आणि शेवटी निराश झालेल्या व्यक्ती मी पाहिल्या आहेत, म्हणून हा मुद्दा आधी घेतला.

आता आपले वजन खरोखर अडकले आहे का, हे तपासावे लागेल. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर किती ऊर्जा खर्च करते याचा अंदाज बांधण्यासाठी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जिओर समीकरण वापरले जाते. त्यानुसार ७९ किलो वजन असताना आपला हा खर्च दिवसाला साधारण १४३० कॅलरी होता आणि ७० किलोला तो साधारण १३४० आहे. बैठे काम आणि थोडेफार चालणे धरून याला १.४ ने गुणले, तर एकूण खर्च तेव्हा सुमारे २००० कॅलरी होता आणि आता सुमारे १८८० असायला हवा. वजन घटल्यावर शरीर या अंदाजापेक्षाही काहीशी जास्त काटकसर करते, तिच्याविषयी पुढे लिहिते. तूर्त त्यापोटी आणखी १०० ते २०० कॅलरी वजा करू. तरीही आपला खर्च रोज १७०० ते १८०० च्या आसपास राहतो. आहार खरोखर १४०० असेल तर रोजची तूट ३०० ते ४०० कॅलरींची झाली. एक किलो शरीरचरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरल्या, तर पाच आठवड्यांत १.३ ते १.८ किलो वजन कमी व्हायला हवे होते. ते काट्यावर दिसत नाही. याचे तीन अर्थ संभवतात: चरबी उतरत आहे, पण पाणी तिला झाकत आहे, किंवा आहार १४०० पेक्षा जास्त आहे, किंवा खर्च माझ्या अंदाजापेक्षा कमी आहे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा हे तिन्ही थोडेथोडे एकत्र असते.

पाण्याचा भाग लोकांना फार कमी माहीत असतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले कर्बोदक, असते आणि प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार कमी केल्यावर पहिल्या दहा दिवसांत जे भराभर वजन उतरते त्यातला मोठा वाटा याच पाण्याचा असतो, आणि त्या सुरुवातीच्या वेगाशी तुलना केल्यामुळे पुढचा योग्य वेगही अपयशासारखा वाटू लागतो. याउलट, दीर्घकाळ कमी खाणे, अपुरी झोप आणि नव्याने सुरू केलेला जोरकस व्यायाम यांमुळे शरीर पाणी धरून ठेवू शकते. त्यात मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेक स्त्रियांचे वजन एक ते दोन किलोंनी वाढते आणि पाळी सुरू झाल्यावर उतरते. आपण ज्या पाच आठवड्यांविषयी लिहिता, त्यांत एकच पूर्ण चक्र बसते. त्यामुळे पहिल्या आठवड्याची शेवटच्या आठवड्याशी तुलना करण्यापेक्षा या चक्राच्या सातव्या दिवसाची मागच्या चक्राच्या सातव्या दिवसाशी तुलना केली, तर चित्र वेगळे दिसण्याची बरीच शक्यता आहे. कमरेचा घेर मोजत असाल तर तोही पाहा. वजन तेच राहून घेर एक-दीड सेंटिमीटरने कमी झाला असेल, तर आपले वजन अडकलेले नाही आणि आहारात कोणताही बदल करण्याची गरज नाही.

दुसरी शक्यता मांडताना मला शब्द जपून वापरावे लागतात, कारण ती ऐकताच आपल्यावर खोटेपणाचा आरोप होत आहे असे अनेकांना वाटते. तसे मुळीच नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी अशा लोकांचा अभ्यास केला होता, ज्यांचे म्हणणे होते की आपण १२०० कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही. अन्नसेवनाच्या नोंदीवर अवलंबून न राहता शरीराचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च मोजणाऱ्या पद्धतीने तपासले असता त्यांचे चयापचय जवळपास अपेक्षेइतकेच निघाले. मात्र त्यांनी आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त नोंदवलेली आढळली. ही माणसे फसवत नव्हती. तेल अंदाजाने ओतले जाते, स्वयंपाक करताना चव घेतली जाते, ताटात उरलेले दोन घास वाया जाऊ नयेत म्हणून खाल्ले जातात, पेयातील साखर मोजायची राहून जाते, आणि यांतील एकही गोष्ट खाणे म्हणून स्मरणात राहत नाही. पाचव्या महिन्यापर्यंत स्वयंपाकघरातील वजनकाटा कपाटात गेलेला असतो आणि सगळी मोजणी डोळ्यांनी होऊ लागते. वजनाची घट पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास थांबते, याचे स्पष्टीकरण केवळ मंदावलेल्या चयापचयाने होत नाही, पथ्य अधूनमधून सैल होणे हेच त्याचे अधिक पटणारे कारण आहे, असे गणिती प्रतिमानांवर आधारित विश्लेषण २०१४ मध्ये मांडले गेले आणि माझ्या नोंदवह्याही तेच सांगतात. आठवड्यातले पाच दिवस १४०० आणि दोन दिवस नकळत २३०० झाले, तर सरासरी १६५० च्या पुढे जाते आणि आपली सारी तूट जवळजवळ संपते.

तिसरी शक्यता शरीराच्या काटकसरीची आहे आणि ती खरी आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी आहारावर ठेवून त्यांच्या शरीरात होणारे बदल नोंदवले. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले आणि विश्रांतीचा ऊर्जाखर्च जवळपास ४० टक्क्यांनी उतरला. त्यातील मोठा भाग शरीरच लहान झाल्यामुळे होता, पण उरलेला भाग त्याने समजावता येत नव्हता. पेशी स्वतःच कमी इंधन जाळू लागल्या होत्या. १९९५ मध्ये लाइबेल, रोझेनबॉम आणि हर्श या संशोधकांनी मोजून दाखवले की शरीराचे वजन दहा टक्क्यांनी कमी करून तेथे टिकवून धरले, तर एकूण ऊर्जाखर्च शरीराच्या नव्या आकारमानावरून अपेक्षित असतो त्याहूनही कमी होतो. आपण ७९ पैकी ९ किलो, म्हणजे ११ टक्क्यांहून अधिक वजन उतरवले आहे, त्यामुळे ही काटकसर आपल्या शरीरात सुरू झालेली असणारच. मात्र तिची व्याप्ती नीट समजून घ्यावी. तिच्यामुळे वजन उतरण्याचा वेग कमी होतो. तूट शिल्लक असताना चरबी उतरणे तिच्यामुळे पूर्णपणे थांबत नाही. मिनेसोटातील त्या तरुणांचे वजनही, एवढे सगळे होऊन, उतरतच राहिले होते.

या काटकसरीचा एक मोठा हिस्सा विश्रांतीच्या खर्चात नसून नकळत होणाऱ्या हालचालीत असतो. कमी खाणारी व्यक्ती उठून पाणी आणायचे टाळते, उभे राहून करायचे काम बसून करते, हातवारेसुद्धा कमी करते, आणि तिला स्वतःला याचा पत्ता नसतो. आपल्याजवळ पावले मोजणारे साधन असेल तर पहिल्या महिन्यातील रोजची सरासरी आणि गेल्या महिन्यातील सरासरी काढून पाहा. सात हजारांवरून पाच हजारांवर आलेली पावले ही वजन अडकण्याची अगदी साधी आणि हाती लागणारी कारणे आहेत, आणि कोणत्याही आहारक्रमापेक्षा ती दुरुस्त करणे सोपे असते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. कॅलरी वरखाली केल्याने चयापचय जागे राहते, ही समजूत कुठून आली असावी? १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिनचा जनुक शोधला. चरबीच्या पेशींतून स्रवणारे हे संप्रेरक शरीरात साठा किती आहे याची वार्ता मेंदूला देते. आहार कमी केला की त्याची पातळी चरबी घटण्याच्या प्रमाणाहूनही जास्त घसरते, भूक वाढते आणि ऊर्जाखर्च आवरता घेतला जातो. पुढे असे दिसले की तीन दिवस ४० टक्के जादा कॅलरी कर्बोदकांतून दिल्यास सडपातळ स्त्रियांमध्ये लेप्टिन २८ टक्क्यांनी आणि दिवसभराचा ऊर्जाखर्च ७ टक्क्यांनी वाढतो. या निष्कर्षातून ‘मधूनच भरपूर खा, म्हणजे भट्टी पेटती राहील’ असा सल्ला तयार झाला. पण त्यातील आकडे शेजारी ठेवून पाहा. १८०० कॅलरींचे ४० टक्के म्हणजे ७२० कॅलरी जास्त खायच्या आणि ७ टक्के म्हणजे साधारण १२५ कॅलरी जास्त खर्च व्हायच्या. त्यातही काही भाग ते जादा अन्न पचवण्याचाच खर्च असतो. शिवाय पुन्हा कमी खाणे सुरू केले की लेप्टिन काही दिवसांतच खाली येते. एका दिवसाच्या १८०० कॅलरींनी, ज्या आपल्या आजच्या खर्चाइतक्याच आहेत, संप्रेरकांमध्ये टिकाऊ बदल व्हावा अशी अपेक्षा करता येत नाही.

प्रत्यक्ष चाचण्यांनीही हेच दाखवले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मँचेस्टरच्या अभ्यासात १०७ स्त्रियांपैकी काहींना आठवड्यातून दोन दिवस अतिशय कमी आणि इतर दिवशी नेहमीचा, तर काहींना रोज २५ टक्के कमी आहार दिला होता. दोन्ही गटांची आठवड्याची तूट सारखी ठेवली होती. सहा महिन्यांनी वजनातील घट सरासरी ६.४ आणि ५.६ किलो होती, म्हणजे दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. २०१७ मध्ये शिकागोतील वर्षभराच्या चाचणीत १०० व्यक्ती होत्या. एका गटाने एकाआड एक दिवस गरजेच्या २५ टक्के आणि १२५ टक्के खायचे होते, दुसऱ्याने रोज ७५ टक्के. वर्षअखेर दोघांच्या घटीत लक्षणीय फरक नव्हता, आणि चाचणी अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण एकाआड एक दिवसाच्या गटात जास्त, म्हणजे ३८ टक्के विरुद्ध २९ टक्के होते. या चाचणीतील एक तपशील मला फार बोलका वाटतो. एकाआड एक दिवसाच्या गटातील माणसे उपासाच्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त आणि भरपेट दिवशी ठरल्यापेक्षा कमी खात गेली. आहाराचा क्रम कागदावर कितीही टोकाचा आखला, तरी माणूस हळूहळू स्वतःला झेपेल अशा मध्याकडे सरकतो. आपल्याला सुचवलेल्या १२०० आणि १८०० चेही हेच होईल असे मला वाटते.

दिवसाच्या चढउतारापेक्षा आठवड्यांच्या विरामाची गोष्ट निराळी आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. टास्मानिया विद्यापीठाच्या न्यूआला बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या मॅटाडोर नावाच्या अभ्यासात ५१ स्थूल पुरुष होते. एका गटाने सलग १६ आठवडे गरजेपेक्षा ३३ टक्के कमी आहार घेतला. दुसऱ्या गटानेही तितकेच १६ आठवडे कमी आहार घेतला, पण दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत, आणि प्रत्येक दोन तुकड्यांच्या मध्ये दोन आठवडे वजन स्थिर ठेवणारा आहार. त्यामुळे त्यांना एकूण ३० आठवडे लागले. सलग गटाचे वजन सरासरी ९.१ किलोंनी आणि विराम घेणाऱ्यांचे १४.१ किलोंनी उतरले, आणि विराम घेणाऱ्यांच्या विश्रांतीच्या ऊर्जाखर्चातील घसरणही कमी होती. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातच, नियमित वजनी व्यायाम करणाऱ्या ६१ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत तीन आठवडे कमी आहार आणि एक आठवडा विराम असा क्रम ठेवूनही चरबी, स्नायू किंवा ऊर्जाखर्च यांत सलग गटापेक्षा काही वेगळे आढळले नाही. आढळले ते एवढेच, की विराम घेणाऱ्यांची भूक आणि खाण्याची ओढ कमी होती. मला हा निष्कर्ष निराशाजनक वाटत नाही. पाच महिने भुकेशी झगडलेल्या व्यक्तीची भूक कमी होणे, हाच तिच्यासाठी पुढचे पाच महिने शक्य होण्याचा मार्ग असतो.

यावरून आपल्यासाठी मी असे सुचवेन.

पहिले दोन आठवडे आहारात काहीही बदलू नये. फक्त सगळे अन्न पुन्हा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर मोजावे, तेलासकट, आणि रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करून सात दिवसांची सरासरी काढावी. एकेका दिवसाचा आकडा लिहून ठेवावा, पण त्यावरून निर्णय घेऊ नये. या दोन आठवड्यांत सरासरी उतरू लागली, तर प्रश्न मोजणीचा होता हे आपोआप उलगडेल आणि पुढचे काही करण्याचे कारण उरणार नाही.

सरासरी हललीच नाही, तर मी आपल्याला आणखी कमी खायला सांगणार नाही. त्याऐवजी दोन आठवड्यांचा विराम घ्यावा, ज्यात रोजचा आहार साधारण १७५० कॅलरींवर न्यावा. वाढवलेला भाग मुख्यतः धान्य, फळे, कंद अशा कर्बोदकांतून यावा. ही मोकळीक म्हणजे बंधन सोडून खाणे नव्हे. मोजणी तशीच चालू ठेवायची असते, केवळ आकडा वर न्यायचा असतो. पहिल्या चार-पाच दिवसांत वजन अर्धा ते एक किलो वाढेल. ग्लायकोजेन आणि त्यासोबतचे पाणी परत आल्याची ती खूण आहे. रोज ३५० कॅलरी वाढवून पाच दिवसांत होतात १७५०, आणि त्या साऱ्या आपल्या गरजेपेक्षा जास्त ठरल्या असे मानले तरी त्यातून पाव किलोही चरबी तयार होत नाही. ही वाढ पाहून घाबरून तिसऱ्याच दिवशी विराम मोडणारे अनेक जण असतात. ते ना पुरता विराम घेतात, ना पुरती घट साधतात. अनेकांना या काळात झोप सुधारल्याचे, चालण्यात उत्साह आल्याचे आणि अन्नाचे विचार मागे पडल्याचे जाणवते. दुसऱ्या आठवड्यात वजन नव्या पातळीवर स्थिर राहिले, तर आपला खरा खर्च १७५० च्या आसपास आहे, ही अत्यंत मोलाची माहितीही हाती लागते. कोणत्याही समीकरणापेक्षा ती अधिक विश्वासार्ह असते.

त्यानंतर आपल्याला हवा असलेला चढउतार करावा, पण सौम्य प्रमाणात आणि आठवड्याचा हिशेब बांधून. पाच दिवस १३५० आणि दोन दिवस १६५० असे ठेवले, तर आठवड्याची बेरीज १००५० होते. १७५० च्या खर्चाने आठवड्याला १२२५० लागतात, म्हणजे २२०० ची तूट आणि आठवड्याला साधारण पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम घट. हा वेग सुरुवातीच्या वेगापेक्षा कमी आहे आणि ७० किलोला तो योग्यच आहे. जास्त आहाराचे दोन दिवस कोणते असावेत, हे आपल्या आयुष्यानुसार ठरवावे. वजनी व्यायाम करत असाल तर त्यातले सर्वांत कष्टाचे दिवस निवडावेत. घरी माणसे जमण्याचे दिवस ठरलेले असतील तर ते निवडावेत. याच कारणासाठी हा क्रम मला आवडतो. ज्या व्यक्तीचे पथ्य दर आठवड्याच्या शेवटी मोडते आणि त्या अपराधीपणातून पुढचे दोन दिवस ती जवळजवळ उपाशी राहते, तिच्यासाठी ते दोन दिवस आधीच हिशेबात धरलेले असणे फार मोठा आधार ठरतो. ज्यांना रोज तेच खाण्यात कसलीच अडचण वाटत नाही, त्यांनी मात्र सपाट क्रमच ठेवावा. त्यांना चढउताराने काही अधिक मिळत नाही.

चढउतार करताना प्रथिने दोन्ही प्रकारच्या दिवशी सारखीच ठेवावीत. दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे आपल्यासाठी रोज ८५ ते ११० ग्रॅम. प्रथिनांतील २० ते ३० टक्के ऊर्जा त्यांच्या पचनातच खर्च होते, त्यांनी पोट अधिक काळ भरलेले वाटते आणि स्नायू राखले जातात. स्निग्ध पदार्थही ४०-४५ ग्रॅमच्या आसपास स्थिर ठेवावेत आणि जो काही फरक करायचा तो कर्बोदकांत करावा. ३०० कॅलरींचा फरक म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदके. त्यांच्या पाण्यासह दुसऱ्या दिवशी वजन पाव किलोच्या आसपास जास्त दिसेल आणि दोन-तीन दिवसांत उतरेल. स्नायूंना ताण देणारा व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी असावा, आणि पावले पहिल्या महिन्याच्या सरासरीवर परत आणावीत. १२०० च्या खाली एकाही दिवशी जाऊ नये. इतक्या कमी अन्नात लोह, कॅल्शियम आणि इतर सूक्ष्म घटक पुरेसे मिळणे कठीण असते आणि दुसऱ्या दिवशीची भूक अनावर होते.

काही व्यक्तींनी हा क्रम स्वतःच्या मनाने सुरूच करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या चालू असतील, तर कमी आहाराच्या दिवशी रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. औषधाची मात्रा डॉक्टरांनी ठरवून दिल्याशिवाय आहार कमीजास्त करू नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, १८ वर्षांखालील मुलेमुली, आणि ज्यांना पूर्वी कधीही खाण्याच्या विकाराचा त्रास झाला आहे अशा व्यक्ती यांच्यासाठी जास्त दिवस–कमी दिवस अशी रचना योग्य नाही, कारण त्यातून एकीकडे भरमसाट खाणे आणि दुसरीकडे उपाशी राहणे असे चक्र पुन्हा सुरू होऊ शकते. आपल्याला असा काही इतिहास असेल तर मला किंवा आपल्या डॉक्टरांना तो अवश्य सांगा. त्याने उत्तर पूर्ण बदलेल. पाळी चुकू लागली असेल, केस गळत असतील किंवा सतत थंडी वाजत असेल, तर आहाराशी खेळण्यापूर्वी रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. स्टेरॉइड किंवा काही मानसोपचारातील औषधेही वजन वाढवतात; ती चालू असतील तर स्वतःहून बंद करू नयेत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.

हा नवा क्रम सुरू केल्यापासून सहा आठवडे, म्हणजे किमान एक पूर्ण मासिक चक्र उलटेपर्यंत, निर्णय राखून ठेवावा. त्यानंतर चक्राच्या त्याच टप्प्यातील दोन साप्ताहिक सरासऱ्या शेजारी लिहाव्यात. चार आठवड्यांच्या अंतराने त्यांत एक किलोच्या आसपास घट असेल, तर आहे तसेच चालू ठेवावे आणि साधारण दहा आठवड्यांनी पुन्हा दोन आठवड्यांचा विराम घ्यावा. घट अर्ध्या किलोपेक्षा कमी असेल, तर जास्त आहाराच्या दोन दिवसांपैकी एक कमी करावा किंवा रोज वीस मिनिटे चालणे वाढवावे, पण दोन्ही एकदम करू नये, नाहीतर कशाने काय झाले हे कळणार नाही. काहीच घट नसेल, तर आपल्या पंधरा दिवसांच्या मोजलेल्या नोंदी मला पाठवा. त्या पाहिल्याशिवाय कॅलरी आणखी कमी करण्याचा सल्ला मी आपल्याला देणार नाही.